जर्मन विद्यापीठातील डॉक्टरेट आणि तिचा खर्च

जर्मनीला जाऊन डॉक्टर होऊन येणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर हे बर्लिनला हाइन्रिख ल्यूडर्स यांच्यापाशी शिकून, संस्कृत व्याकरणावर प्रबंध लिहून परत आले आणि १९२५ पासून पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. पोथीशी पोथी ताडून मूळ पाठ शोधण्याची शिस्त त्यांनी त्या कामाला लावली. तिचे पहिले धडे त्यांनी बर्लिनमध्येच घेतले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव घातले होते. रा. ना. दांडेकर यांनी १९३८ साली हायडेलबर्गची पदवी मिळविली. इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि १९३० साली मानवशास्त्राच्या डॉक्टर होऊन परतल्या. ही नावे आपणांस पाठ आहेत. परंतु ही माणसे गेली कशी, पैसा कोठून आणला, ही चौकशी आपण फारशी करीत नाही. इरावतीबाईंच्या प्रवासासाठी पैसा कर्जाने उभा करावा लागला होता. त्या काळी परदेशी शिकावयाचे म्हणजे एक तर श्रीमंत असावे, एक तर संस्थानिकाचा आश्रय असावा, नाही तर कर्ज काढावे, असे तीनच मार्ग होते.

आज चौथा मार्ग आहे, आणि तोच माझ्या विषयाचा गाभा आहे. जर्मनीत डॉक्टरेट करणाऱ्या बहुसंख्य विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ किंवा संशोधनसंस्था पगार देते. पगार हा शब्द मी मोजून वापरतो आहे. तेथे पगारपत्रक असते, करकपात असते, रजा असते. ज्या गावात मुलीच्या एम्‌. एस्सी. नंतर ‘आता पुढे किती खर्च?’ हा पहिला प्रश्न विचारला जातो, तेथे ही गोष्ट चारचौघांत मोठ्याने सांगितली पाहिजे असे मला वाटते. कारण उलट बाजूही आपण पाहतो. २०२३–२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा होता; संख्या ४९ हजारांच्या वर. त्यांतील पुष्कळजण एम्‌. ए., एम्‌. एस्सी. च्या दर्जाचा अभ्यासक्रम करण्यासाठी स्वतःच्या किंवा बापाच्या पैशाने, घर गहाण टाकून गेलेले असतात. त्यांत गैर काही नाही. परंतु डॉक्टरेटसाठीही तसेच करावे लागते, अशी समजूत करून घेऊन जो माणूस कर्जाचा अर्ज घेऊन बँकेत जातो, त्याला वाटेत थांबवावेसे वाटते.

प्रथम एक शब्द मनातून काढून टाकावा लागेल. तो शब्द म्हणजे ‘प्रवेश’. आपल्याकडे पीएच्‌. डी. ला प्रवेश घेतात. प्रवेशपरीक्षा असते, यादी लागते, जागा भरतात, मग मार्गदर्शक वाटून दिला जातो. जर्मनीची जुनी रीत याच्या अगदी उलट आहे. तेथे आधी गुरू, मग विद्यापीठ. एखादा प्राध्यापक ‘हा विषय मी पाहीन, हा विद्यार्थी मला चालेल’ असे लेखी कळवितो; त्यानंतर त्या विद्याशाखेची समिती त्या माणसाला डॉक्टरेटचा उमेदवार म्हणून स्वीकारते; विद्यापीठाच्या दप्तरात नाव चढते ते सर्वांत शेवटी. मार्गदर्शकाला जर्मन भाषेत ‘डॉक्टरफाटर’ म्हणतात, म्हणजे डॉक्टरकीतला बाप. मार्गदर्शक बाई असेल तर ‘डॉक्टरमुटर’. गुरुकुलाची आठवण करून देणारा हा शब्द आहे, आणि गुरुकुलाचे सारे गुण नि सारे दोषही त्याच्यामागे उभे आहेत. त्यांकडे पुढे येतो.

या एकास-एक पद्धतीखेरीज दुसरी पद्धत गेल्या तीन-साडेतीन दशकांत रूढ झाली आहे. जर्मनीच्या संशोधन-अनुदान मंडळाने, म्हणजे ‘डी. एफ्‌. जी.’ ने, १९९० पासून विद्यापीठांना संशोधन-प्रशिक्षण गटांसाठी पैसा देण्यास सुरुवात केली. एका विषयाभोवती दहाबारा प्राध्यापक एकत्र येतात, नऊ वर्षांपर्यंत अनुदान मिळवितात आणि दर खेपेस दहावीस उमेदवार जाहिरात देऊन घेतात. माक्स प्लांक संस्थेनेही २००० च्या सुमारास याच धर्तीवर आंतरराष्ट्रीय संशोधनशाळा काढल्या. येथे मात्र अर्जाची तारीख असते, मुलाखत असते, एकाहून अधिक मार्गदर्शक असतात, वर्गही असतात. आपल्या मुलांना ही दुसरी पद्धत ओळखीची वाटते. म्हणून सगळेजण तिकडेच धाव घेतात आणि तेथे गर्दी होते. जर्मनीत सुमारे दोन लाख माणसे डॉक्टरेट करीत आहेत. त्यांतील मोठा भाग अजूनही जुन्या पद्धतीने, एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली सहायक म्हणून, काम करतो आहे. ही जाहिरात आपल्याला सहज दिसत नाही, एवढेच.

एक बारीक गोष्ट येथेच सांगून टाकतो. माक्स प्लांक संस्था जगप्रसिद्ध असली तरी तिला पदवी देण्याचा अधिकार नाही. तो विद्यापीठाचा. म्हणून तेथे काम करणाऱ्याला शेजारच्या एखाद्या विद्यापीठाचाही उमेदवार व्हावे लागते. पत्रात ‘मला आपल्या संस्थेची पदवी हवी’ असे लिहिणाऱ्याने काहीच वाचलेले नाही, हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळते.

आता पैशाकडे वळू. पैसा दोन रूपांनी येतो, आणि या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एक म्हणजे नोकरीचा करार, दुसरे म्हणजे शिष्यवृत्ती. जाहिरातीत ‘टीव्ही-एल, ई १३, ६५ टक्के’ अशी गूढ अक्षरे दिसली की आपला विद्यार्थी गडबडतो. त्यांचा अर्थ साधा आहे. ‘टीव्ही-एल’ म्हणजे जर्मन घटकराज्यांच्या नोकरांचा वेतनकरार. ‘ई १३’ ही त्यातील पदव्युत्तर माणसाची श्रेणी. या श्रेणीचे पूर्ण वेतन सुरुवातीलाच महिना चार हजार युरोंहून अधिक आहे. त्याचा शेकडा किती भाग तुम्हांला मिळणार, तो शेवटचा आकडा. अभियांत्रिकीत पुष्कळदा शंभर टक्के मिळतात. जीवशास्त्रात पासष्टाच्या आसपास. इतिहास, भाषा वगैरे विषयांत पन्नासावरही समाधान मानावे लागते. पासष्ट टक्के पगार म्हणजे पासष्ट टक्के काम, असा हिशेब मात्र कोणी करू नये. काम शंभर टक्के असते. उरलेले पस्तीस टक्के तुम्ही स्वतःच्या प्रबंधासाठी स्वखुशीने देता, असे धरून चालतात. हा न्याय मला पटत नाही, आणि तेथील संशोधकही त्याविरुद्ध बोलत असतात. परंतु रीत आहे ती अशी.

या पगारातून कर जातो, आणि आरोग्यविमा, निवृत्तिवेतन, बेकारीविमा यांचे हप्ते जातात. हातात येणारी रक्कम पाहून प्रथम मन खट्टू होते. पण त्या हप्त्यांच्या मोबदल्यात आजारपणाची काळजी मिटते, करार संपल्यावर नवी नोकरी मिळेपर्यंत काही महिने भत्ता मिळण्याचा हक्क येतो, आणि बाळंतपणाची रजा कायद्याने मिळते. विद्यापीठांतील मुदतबंद नोकऱ्यांविषयी जर्मनीत २००७ चा जो कायदा आहे, त्याने डॉक्टरेटपूर्वी अशा नोकरीची कमाल मुदत सहा वर्षे ठरविली आहे. मूल असेल तर प्रत्येक मुलामागे ती दोन वर्षांनी वाढविता येते. ‘मुलगी तीन-चार वर्षे तिकडे अडकली तर लग्नाचे काय, मूलबाळाचे काय’ असे विचारणाऱ्या आयांना ही कलमे सांगावीत. लग्नाचा निर्णय अर्थात मुलीचा.

शिष्यवृत्ती दिसायला अधिक मानाची. तिच्यावर सामान्यतः कर नाही. पण ती नोकरी नव्हे. म्हणून निवृत्तिवेतन नाही, बेकारीविमा नाही, आणि आरोग्यविमा पुष्कळदा स्वतः काढावा लागतो. दोन्ही समोर असतील आणि रकमा जवळपास सारख्या असतील, तर मी कोणालाही करारच घ्यावयास सांगेन. शिष्यवृत्त्यांत आपणांस सर्वांत जवळची म्हणजे ‘डी. ए. ए. डी.’ या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेची. ही संस्था १९२५ साली स्थापन झाली, आणि दिल्लीत तिची कचेरी १९६० पासून आहे. विम्याच्या हप्त्याला ती हातभार लावते. तिचा एक नियम उशिरा कळून पुष्कळांची निराशा होते : शेवटची पदवी घेऊन साधारणपणे सहा वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा. म्हणून ‘आधी थोडी नोकरी करू, मग पाहू’ म्हणणाऱ्याने बोटे मोजावीत. जर्मनीतील राजकीय पक्षांशी निगडित प्रतिष्ठानेही परदेशी उमेदवारांना वृत्ती देतात. पण तेथे गुणांइतकेच सामाजिक काम पाहतात, आणि जर्मन भाषा बऱ्यापैकी यावी लागते.

शिकवणीचे शुल्क म्हणाल, तर सरकारी विद्यापीठांत डॉक्टरेटला ते नसते. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याने २०१७ पासून युरोपाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्रास दीड हजार युरो शुल्क लावले, त्यातूनही डॉक्टरेटचे उमेदवार वगळले आहेत. प्रत्येक सत्राला शेदोनशे, कोठे त्याहून थोडे जास्त, युरो वर्गणी भरावी लागते. तीत बहुधा गावातील गाडीचा पासही येतो.

मग उमेदवाराने आरंभ कोठून करावयाचा? माझ्या मते जाहिरातींपासून नव्हे, स्वतःच्या एम्‌. एस्सी. च्या प्रबंधाच्या शेवटी जी संदर्भांची यादी असते तिच्यापासून. त्या यादीत जर्मन विद्यापीठांतील कोणाची नावे पुन्हा पुन्हा येतात ते पाहावे. त्यांचे मागील दोन-तीन वर्षांतले लेख वाचावे. मग ‘डी. एफ्‌. जी.’ ची ‘गेप्रिस’ नावाची उघडी नोंदवही पाहावी. तीत मंडळाने कोणत्या प्राध्यापकाला कोणत्या कामासाठी अनुदान दिले ते सर्वांना वाचावयास मिळते. ज्याला नुकतेच अनुदान मिळाले आहे, त्याला माणसे हवी असणारच! हे वहीत मांडून पाहिले म्हणजे शंभर नावांतून दहाबारा उरतात. त्या दहाबारांनाच पत्र लिहावे.

आणि पत्र कसे लिहावे? आपल्याकडील मुले जे पत्र पाठवितात ते साधारण असे असते : ‘आदरणीय महोदय, आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात आपल्या थोर मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची माझी लहानपणापासूनची इच्छा आहे. मी कष्टाळू व प्रामाणिक आहे. कृपया संधी द्यावी.’ हेच पत्र, नावही न बदलता, दोनशेजणांना जाते. जर्मन प्राध्यापक त्याला उत्तर देत नाही. आपण म्हणतो, माणूस गर्विष्ठ आहे. वस्तुतः त्या पत्रात उत्तर देण्याजोगे काही नसते. त्याऐवजी कोणी असे लिहिले की, ‘तुमच्या गेल्या वर्षीच्या लेखात अमुक द्रव्याचा जो परिणाम दाखविला आहे, तोच मी माझ्या एम्‌. एस्सी. च्या कामात तमुक तापमानाला तपासला. मला तो दिसला नाही. कारण काय असावे याविषयी माझा एक तर्क आहे. याच दिशेने काम करावयाचे आहे. तुमच्याकडे जागा होणार आहे काय? गुणपत्रक व प्रबंधाचा एक पानी सारांश सोबत आहे’, तर ते पत्र वाचले जाते. आठदहा ओळी पुरेत. स्तुती नको, आपल्याला ती विनयाची खूण वाटते, त्यांना वेळेचा अपव्यय वाटतो. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदाच आठवण द्यावी, तिसऱ्यांदा लिहू नये.

शिफारसपत्रांविषयी एक कडू गोष्ट बोलावी लागेल. आपल्या महाविद्यालयांत पुष्कळ ठिकाणी प्राध्यापक म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मग तीन प्राध्यापकांची तीन पत्रे एकाच भाषेत, एकाच चुकीसह जातात. निवडसमितीत बसणाऱ्यांना हे ओळखू येते. ज्या प्राध्यापकाला तुमचे काम खरोखरच माहीत आहे, त्याने साध्या भाषेत लिहिलेली दहा वाक्ये मोठ्या हुद्द्याच्या पोकळ पत्रापेक्षा शतपटीने मोलाची. या सभागृहात जे प्राध्यापक बसले असतील त्यांना माझी विनंती आहे की, वर्षातून दोन संध्याकाळी या कामासाठी ठेवाव्यात.

गुणांचा हिशेबही समजून घ्यावा. आपल्याकडे आकडा जितका मोठा तितका चांगला. जर्मनीत १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे काठावर उत्तीर्ण, ५ म्हणजे नापास. परदेशी गुण त्यांच्या मापात बसविण्याचे एक सूत्र बहुतेक विद्यापीठे वापरतात : कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल व किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. दहापैकी आठ मिळाले आणि उत्तीर्ण होण्यास चार लागत असतील तर उत्तर येते बरोबर २. शंभरांत सत्तर, उत्तीर्णास चाळीस, तर अडीच. २.५ हा काही रडण्यासारखा गुण नव्हे. आणि प्रबंधाचे काम भक्कम असेल तर प्राध्यापक गुणपत्रकाकडे एकदाच पाहतो.

मुलाखत आता बहुधा घरबसल्या पडद्यावर होते. आरंभी पंधरा-वीस मिनिटे स्वतःच्या एम्‌. एस्सी. च्या कामाविषयी बोलावयाचे असते, मग प्रश्न. येथे आपली मुले घसरतात ती ज्ञान कमी म्हणून नव्हे. ‘हा प्रयोग असाच का केला?’ या प्रश्नाला ‘सरांनी सांगितले म्हणून’ असे उत्तर येते, तेथे मुलाखत संपते. त्यांना आज्ञाधारक मदतनीस नको असतो. ‘मला ठाऊक नाही, पण असे करून पाहता येईल’ हे उत्तर तेथे चांगले समजतात. शेवटी ‘तुम्हांला काही विचारावयाचे आहे का?’ असे म्हणतात, ते उपचार म्हणून नव्हे. तेव्हा विचारावे : पगार किती वर्षांचा ठरला आहे? आधीच्या उमेदवारांना किती वर्षे लागली? शिकविण्याचे काम किती? पैसा तीन वर्षांचा आणि काम साडेचार वर्षांचे, हा प्रकार तेथे दुर्मिळ नाही.

आता डॉक्टरफाटरकडे येतो. एकाच माणसाच्या हाती तुमचा पगार, तुमचा विषय आणि तुमच्या प्रबंधाचा दर्जा असतो. तो भला असला तर आयुष्याचे सोने. नसला तर परक्या देशात, परक्या भाषेत, दाद मागणे कठीण. म्हणून होकार कळविण्यापूर्वी त्याच्या हाताखालील एकदोन विद्यार्थ्यांशी खाजगीत बोलून घ्यावे. यात कोणाला राग येत नाही. हल्ली पुष्कळ ठिकाणी उमेदवार व मार्गदर्शक यांत लेखी करारनामा होतो, आणि तंटा झाल्यास ऐकून घेणारा मध्यस्थ विद्यापीठाने नेमलेला असतो. इरावतीबाईंच्या वेळी यातले काही नव्हते. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचारांचे पुरस्कर्ते, बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे प्रमुख. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशावर अवलंबून असते की काय, हा विषय बाईंकडे आला. पुण्याहून गेलेल्या त्या तरुण विद्यार्थिनीने कवट्या मोजल्या, आणि वंशाशी या गोष्टीचा संबंध दिसत नाही, असे गुरूच्या मताविरुद्ध जाणारे अनुमान लिहून दिले. पदवी मिळाली. हे मी शौर्यकथा म्हणून सांगत नाही. आकडे जे म्हणतात ते लिहावे लागते, आणि ते लिहिता येईल अशी जागा आहे की नाही हे आधी पारखावे लागते, म्हणून सांगतो.

प्रबंधाचे दोन प्रकार आहेत : सलग ग्रंथ, किंवा प्रसिद्ध झालेल्या लेखांचा संग्रह व त्याला प्रस्तावना. विज्ञानात तो इंग्रजीत लिहिलेला चालतो. हे काम माझे स्वतःचे आहे असे लिहून द्यावे लागते, आणि हा उपचार नव्हे. उचलेगिरी उघडकीस आल्यामुळे संरक्षणमंत्री गुटेनबेर्ग यांची डॉक्टरेट २०११ साली गेली आणि पाठोपाठ मंत्रिपदही. २०१३ साली खुद्द शिक्षणमंत्री शावान यांची तीच गत झाली. तोंडी परीक्षा झाल्यावर प्रबंध प्रसिद्ध करून त्याच्या प्रती ग्रंथालयास द्याव्या लागतात. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत नावामागे ‘डॉ.’ लावता येत नाही. गोटिंगेनमध्ये नवा डॉक्टर चौकातील कारंज्यावरच्या हंसवाल्या मुलीच्या पुतळ्यावर चढून तिचे चुंबन घेतो. नगरपालिकेने १९२६ साली त्याला बंदी केली होती. बंदी कोणी पाळली नाही.

शेवटी नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न. पहिला, व्हिसासाठी बँकेत पैसे दाखवावे लागतात काय? स्वखर्चाने जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात ठेवावी लागते; सप्टेंबर २०२४ मध्ये ती ११,९०४ युरो ठरविली गेली. ज्याच्याजवळ पुरेशा रकमेच्या नोकरीचा करार किंवा शिष्यवृत्तीचे पत्र आहे त्याला ती लागत नाही. ते पत्रच पुरते. म्हणून ‘खात्याची व्यवस्था करून देतो, अर्ज भरून देतो’ म्हणणाऱ्या सल्लागाराची या कामी गरज नाही. प्राध्यापकाला पत्र सल्लागाराने लिहिले तर ते वर सांगितलेल्या दोनशे पत्रांपैकीच एक होते.

दुसरा प्रश्न, जर्मन भाषा आलीच पाहिजे काय? प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभावते. घरमालकाशी, दवाखान्यात, परदेशी नागरिकांच्या कचेरीत निभावत नाही. पुण्या-मुंबईला माक्स म्युलर भवनात भाषेचे वर्ग वर्षभर चालतात. अर्ज टाकल्यापासून निघेपर्यंत सहासात महिने तरी सहज जातात, तेवढ्यात पहिल्या दोन पायऱ्या होतात. घर भाड्याने घेताना मालक पगारपत्रक मागतो, ते मात्र पहिल्या महिन्यात कोणाजवळच नसते. नोकरीच्या कराराची प्रत हातातल्या पिशवीत ठेवावी, मोठ्या पेटीत नव्हे.